कानपिळीचा फेटा

२ डिसेंबर ७१
ठिकाण लिहायचं नाही असा हुकूम आहे. पंजाब एवढं लिहिलं तर काही बिघडत नाही. थंडी अशी की रायफलीच्या नळीला बोट लागलं तर चटका बसतो. मोर्च्यासमोर, म्हणजे आमच्या खंदकासमोर, उभा ऊस. तोडायच्या आधीच गावकरी घरंदारं सोडून मागे गेले. मी कुंडलचा, उभा ऊस वाया जाताना बघवत नाही. दाजी म्हणाले, "पाव्हणं, लढाई मिटली की हितंच गुऱ्हाळ घालू." सगळा सेक्शन हसला.

वैशाखापर्यंत हे दाजी नव्हते, नुसता सर्ज्या होता. पाटणकडचा, डोंगरातला गडी. भरती झाल्यापासून एका मगातला चहा प्यायलो, एकमेकाला मनसोक्त शिव्या घातल्या. धाकट्या बहिणीसाठी, हौसासाठी, मीच त्याला बघितला. अक्षता पडल्या आणि सर्ज्याचे दाजी झाले. आता आवं-जावं करायचं. जीभच वळत नाही.

४ डिसेंबर
काल संध्याकाळी लढाईला तोंड फुटलं. रात्रभर गोळे. कानात अजून भुंगे आहेत. हवालदारसाहेबांच्या खांद्यात छर्रा गेला, त्यांना मागे नेलं. सेक्शन माझ्याकडे आला. नाईकाच्या फितीवर एवढं ओझं येईल असं वाटलं नव्हतं.

म्हणजे दाजीसुद्धा माझ्याच हुकमात. आमच्या मशीनगनवरचा, एलएमजीवाला म्हाद्या लय चावट. म्हणाला, "शिवा, जावयाला हुकूम सोडणार का आवतान धाडणार?" त्याला मोर्चा खोल करायला लावला.

७ डिसेंबर
पहाटे धुकं पडतं, समोरचं काही दिसत नाही. म्हणून दोघांनी पुढे सरकून उसाच्या बांधाला पडून राहायचं आणि कानोसा घ्यायचा. पाळीपाळीनं. परवा दाजींची पाळी होती. मी म्हाद्याला पाठवलं आणि दाजींना लंगरवरून चहा आणायला लावलं. आज पुन्हा तेच केलं. जावयाला पुढं घालायचं आणि आपण मागं बसायचं, हे आमच्या घरात कोणी केलेलं नाही.

आणि हौसाला सातवा लागलाय. बाळंतपणाला कुंडलला आलीय. लग्नात दाजींचा कान पिळायचा मान माझा होता. असा पिळला की लालबुंद झाला. "बहिणीला नीट सांभाळा," असं दरडावून म्हणालो, सगळा मांडव हसला. कान पिळणाऱ्याला नवरदेवानं फेटा बांधायचा असतो. तो राहूनच गेला, रजा संपली होती. तिला सांभाळा म्हणून कान पिळला, आणि आता त्यांना सांभाळायची वेळ माझ्यावर आली.

९ डिसेंबर
आज सगळ्यांसमोर इज्जत गेली. म्हाद्या दोन दिवस तापानं फणफणलाय. दाजी येऊन सावधानमध्ये उभे राहिले.

"नाईकसाहेब, माझी ड्यूटी कुटं गेली?"

मी म्हणालो, "दाजी, आवं हौसाचं असं असताना..."

"हौसाचा नवरा घरात. हितं शिपाई सर्जेराव. माझ्या वाटंची थंडी म्हाद्यानं का खायची? त्याला काय बहीण न्हाई व्हय?"

माणूस खरं बोलत होता. राग आला, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. हौसासाठी गडी मी चांगला निवडला.

सांजचं आपणहून शेजारी येऊन बसले. "आमच्या डोंगरात भात आन् नाचणी. ऊस कसा ऐकायचा त्ये सांगा." मी सांगितलं, वाऱ्यानं पाचट सळसळतं ते सगळ्या फडातून. माणूस घुसला की एकाच जागी कडकड मोडतं आणि आवाज पुढं सरकतो. दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. परवाची पाळी त्यांची लावली.

११ डिसेंबर
दुपार. आता जरा बसायला मिळालं.

उजाडताना दाजी आणि एक नवा गडी बांधाला होते. नवा गडी सरपटत मागे आला. "ऊस मोडतोय. सर्जेरावांनी सांगा म्हणून धाडलंय." दाजी मात्र तिथंच थांबले. तेही मागे आले असते तर शत्रू गुपचूप आमच्या उरावर येऊन बसला असता. त्यांनी एकट्यानं फायर उघडला. शत्रू कोणीकडून येतोय हे त्या आवाजानं आम्हाला कळलं. म्हाद्या तापातच एलएमजीवर बसला. अर्ध्या तासात त्यांचा हल्ला मोडून पडला, पळाले.

बांधाला गेलो. दाजी तिथंच पालथे. डावा पाय गुडघ्याखाली... नको. बोट अजून घोड्यावर होतं. मीच पाठीवर घेतलं. डोंगरातला गडी, पण हलका लागला.

स्ट्रेचरवर ठेवल्यावर जवळ बोलावलं. वाकलो तर माझा कान धरला आणि पिळला. एवढ्या जखमेत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "शिवा, हौसाला पायाचं सांगायचं न्हाई. मी चालत येऊन सांगतो. कळलं का गड्या?" लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नावानं हाक मारली. गाडी गेली. मी मोर्च्यात तोंड खुपसून रडलो.

१७ डिसेंबर
तोफा थांबल्या. पोरं नाचली, लंगरनं शिरा केला. मला गोड लागला नाही. सुभेदारसाहेब म्हणाले, "असा जावई नवसानं मिळतो. पुण्याच्या मिलिटरी इस्पितळात हलवलाय." पाय ठेवणार का काढणार, हे त्यांनाही ठाऊक नाही. पडलेला ऊस तसाच आहे.

९ जानेवारी ७२, कुंडल
रजा मिळाली. घरी आलो. गुऱ्हाळ चालू आहे, सगळ्या गावाला काकवीचा वास. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. हौसा दारात उभी होती, पोट सावरत. माझ्या मागं कोणी येतंय का बघत होती.

म्हणालो, पुण्यात आहेत, बरे आहेत, जरा लागलंय. जेवताना तीनदा तेच सांगितलं. सांजचं गोठ्यात गाठलंच तिनं.

"दादा, माझ्यासाठी तू त्यांचा कान पिळला हुतास. आता माझ्याशीच खोटं बोलणार व्हय?"

माझाच कान गरम झाला. दाजींचा शब्द एकीकडे, ही एकीकडे. सांगून टाकलं, सगळं. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग आत जाऊन पेटीतून गुलाबी फेटा घेऊन आली. रजा संपून जाताना दाजी माझ्या फेट्याचं सांगून गेले होते, हिनं कराडच्या बाजारातून आणून ठेवला होता. मी हात पुढं केला तर मागं घेतला.

"तुझा तू बांधायचा न्हाई. त्यांनीच बांधायचा हाय." डोळे पुसले आणि म्हणाली, "पाय गेला तर जाऊ दे. कान शाबूत हाय न्हवं? मग कान धरून घेऊन ये."

नवरा-बायको दोघंही एकाच मातीची.

फेटा पिशवीत घातलाय. उद्या पुणे. पाय राहिला का, ते तिथंच कळेल. पण आधी दाजींच्या खाटेसमोर डोकं पुढं करून बसणार.