चारचा कॉल तू घे

बाळे,

चारला समुपदेशक बाईंचा व्हिडिओ कॉल येईल, तो तू घे. मी खाली बाकावर बसलोय. घरबसल्या बोलता येतं, चारचौघांत जावं लागत नाही, हे तुझं खरंच आहे. बाईही मन लावून ऐकतात. पण मला रडू आलं की नेमकं चित्र अडकतं, आणि मग त्या म्हणतात, “काका, ऐकू आलं नाही, परत सांगता?” तेच परत कसं सांगू गं?

शिवाय आई गेल्यावर तू हे तिच्याच फोनवर लावून दिलंस. पडद्यावर माझ्या तोंडाखाली तिचं नाव येतं. बाईंना वाटतं, ते चुकून राहिलंय. मला आज ते बघवणार नाही.

तरी ते नाव बदलू नकोस.

जेवण झाकून ठेवलंय.

बाबा