सत्तावीस नंबरची एकतिसावी फेरी

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

टी-शर्ट आले! पाठीवर ठळक अक्षरांत — हम दूसरे. संपदाने घडी उलगडून पाहिली आणि म्हणाली, "आई, हे घालून माझ्या शाळेसमोर येऊ नकोस हं, प्लीज." सोळा वर्षांच्या मुलीला कसं समजावणार? मला तरी कुठे समजलंय.

मी मोटरसायकल चालवत नाही. माझी स्कूटर वसुंधरातल्या घरापासून वैशाली मेट्रो स्टेशनपर्यंत, चाळीसच्या वर कधी नाही. आणि मी गुणवंत इंगवलेची भक्त! १९८२ साली मद्रासजवळच्या जुन्या विमानपट्टीवर तो मोटरसायकलच्या शर्यतीत पळाला तेव्हा मी एक वर्षाची होते. त्याला पाहिलं अण्णांनी, माझ्या वडिलांनी. त्यांचं तिथे पोस्टिंग होतं, आणि रविवारी ते शर्यतीत हौसेने फेऱ्या मोजायला बसत. माझी सगळी भक्ती अण्णांच्या सांगण्यातून आलेली. ती माझी म्हणायची का? — हा प्रश्न मला दर फेब्रुवारीत पडतो.

गोष्ट मात्र पाठ आहे. कोल्हापूरहून मालट्रकमध्ये गाडी टाकून एकटाच आला. नंबर सत्तावीस. चाळीस फेऱ्यांची शर्यत. सहाव्या फेरीत चेन निसटली, ती बसवेपर्यंत पुरी एक फेरी गेली. मग जो काही पळाला! शेवटी जिंकल्याचा झेंडा दाखवला तो बेळगावच्या नरसिंह हेरेकरांना. त्या क्षणी इंगवले रस्त्यावर त्यांच्या दहा हात पुढे होता, पण एका फेरीने मागे. म्हणून दुसरा.

त्याला जाऊन सोळा वर्षं झाली. फरीदाबादला सतविंदरजींच्या गॅरेजमध्ये आमच्या भक्तमंडळाची तीसेक माणसं दर वर्षी जमतात. गंमतीची शर्यत होते, तिच्यात पहिलं बक्षीस नसतं. फक्त दुसरं! सगळे पहिला नंबर चुकवायला बघतात. आणि श्रद्धांजलीला आम्ही गप्प उभे राहत नाही — सगळ्या गाड्या सत्तावीस सेकंद चालू ठेवतो. शेजारचे शिव्या देतात.

बुधवार, ५ फेब्रुवारी

अण्णांचं दवाखान्याचं कार्ड शोधत होते. त्यांच्या रेक्झिनच्या बॅगेत पेन्शनच्या कागदांखाली एक पिवळा तक्ता मिळाला. कार्बन कॉपी. वर त्यांच्याच अक्षरात — गाडी क्र. ४, ११, २७, ३३.

त्या शर्यतीच्या फेऱ्यांचा हा कागद, शर्यत भरवणाऱ्या क्लबकडेच राहिला असं ते मला कायम सांगत आलेत.

गाडी समोरून गेली की घड्याळ बघून वेळ लिहायची, एवढंच काम. सत्तावीसची ओळ मी बोट ठेवून वाचली. सहावी फेरी लांब — चेन. पुढे प्रत्येक फेरी एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस... घड्याळासारखा माणूस! आणि तिसावीनंतर एकदम तीन मिनिटं पस्तीस.

बरोबर दोन फेऱ्यांइतका वेळ.

केंद्राच्या मंत्रालयात मी संसदेत जाणाऱ्या उत्तरांमधले आकडे तपासते. असली जागा मला लांबून दिसते. खरं लिहायचं तर पहिल्यांदा आनंद झाला — चूक सापडल्याचा. मग चूक कोणाची ते ध्यानात आलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कागद परत होता तसा ठेवला. दोनदा उघडून पाहिला. आकडे बदलत नाहीत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

विचारलं. आधी ठरवलं होतं की आडून विचारायचं, ते मला जमत नाही. चहा देतानाच म्हटलं, "अण्णा, एकतिसावी फेरी कुठे गेली?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मिळाला का तुला," म्हणाले.

मग जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. "वळणावर असा काही आडवा झाला ना तो, गुडघा जमिनीला टेकतोय की काय! अख्खं टेबल उभं राहिलं. मीही. हातात पेन्सिल तशीच. ओरडत होतो मी, वेड्यासारखा. खाली बसलो तेव्हा तो निघून गेला होता. मी उभं राहायचं नव्हतं गं. बसून राहणं, एवढंच माझं काम होतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. कॉपी घरी आणून बेरीज केली तेव्हा. तोवर कप देऊन झाला होता."

म्हणजे ती फेरी धरली तर इंगवले जिंकला होता. त्याच्याकडे फेऱ्या मोजायला माणूस नव्हता, त्यामुळे त्यालाही कळलं नाही. तो दुसरा आला, कारण त्याच्या भक्ताला बसवलं नाही!

मला हसू यायला लागलं. वाईट वाटलं हसल्याचं. पण अण्णाही हसले — डोळे पुसत. मग म्हणाले, "या वर्षी सांगून टाकतो सगळ्यांना. एकाहत्तर झाली आता."

मी म्हटलं नको. का म्हटलं? त्यांच्यासाठी, की माझ्यासाठी? मंडळात मला मान आहे तो त्यांची मुलगी म्हणून. दर वर्षी पहिली खुर्ची त्यांची. 'आँखों देखा' माणूस! ती खुर्ची गेली तर त्यांचा फेब्रुवारी संपलाच.

बुधवार, १२ फेब्रुवारी

अण्णा आरशासमोर भाषण पाठ करताहेत. हिंदीत. 'ग़लती' म्हणताना थांबतात.

रविवार, १६ फेब्रुवारी

नीट क्रमाने लिहायला हवं.

थंडी बरी होती, ऊन छान. संपदाही आली होती. गॅरेजसमोर बत्तीस गाड्या. गंमतीची शर्यत झाली — सगळ्यात हळू जाणारी. गुरुग्रामची रुचिरा, आयटीतली, चुकून पहिली आली आणि कपाळावर हात मारून घेतला! मग अण्णा उठले. कागद उंच धरला. "मेरी एक ग़लती है," म्हणाले, "तैंतालीस साल पुरानी." आणि पाठ केलेलं विसरले. मग साध्या मोडक्या हिंदीत सांगितलं सगळं. उभं राहिल्याचं. पेन्सिलीचं. तीन मिनिटं पस्तीसचं.

माझं लक्ष फक्त त्यांच्या खुर्चीकडे. मागून कोणीतरी "अरे यार..." म्हणालं. वाटलं, संपलं.

सतविंदरजींनी कागद घेतला, चष्मा चढवला. बोटांवर काहीतरी मोजलं. परत मोजलं. आणि एवढ्या जोरात ओरडले की कुत्री भुंकायला लागली — "ओए! झंडा तो उसको दिखाया ही नहीं! वो तो एक चक्कर और लगा के आया! चालीस की रेस में बंदा इकतालीस भागा!"

मग काय विचारता! लोक एकमेकांच्या गळ्यात. रुचिरा रडत होती आणि नाचतही होती. कोणीतरी अण्णांना खुर्चीसकट उचललं. अण्णा ओरडताहेत, "अरे, माफी तर मागू द्या!" — मराठीत! कोणाला कळतंय? सतविंदरजी म्हणाले, "अण्णाजी, आप अकेले हो जो उसको देख के काम भूल गए. हम तो सिर्फ़ टी-शर्ट पहनते हैं." मग स्वतःच्या पाठीकडे मान वळवून, "अब इन टी-शर्टों का क्या करें?" बत्तीस माणसं हसून हसून वाकली.

या वर्षी गाड्या सत्तावीस सेकंदांवर थांबल्याच नाहीत. एक मिनिट अठ्ठेचाळीस चालू ठेवल्या. राहिलेली फेरी! शेजारचे गच्चीवर आले, शिव्या द्यायला. दोघं शेवटी टाळ्या वाजवत होते.

घरी येताना संपदा म्हणाली, "आजोबा, तुम्ही बिल्कुल हीरो." मग हळूच मला, "आई, एक टी-शर्ट मलाही दे ना."

सोमवार, १७ फेब्रुवारी

दिवसभर मजेत होते. संध्याकाळी एकदम टोचलं. सतविंदरजींनी ग्रुपवर टाकलंय — विजेता गुणवंत इंगवले. मग ज्यांचं नाव खोडलं त्यांचं काय? इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानेही हेरेकरांबद्दल विचारलं नाही. मीही नाही, आणि मी म्हणे आकडे तपासते! आमच्या गोष्टीत ते फक्त कप घेण्यापुरते.

शोधलं. आहेत. बेळगावला टायरचं दुकान, मालक नरसिंह हेरेकर, वय दिलेलं नाही पण फोटोत पांढऱ्या मिशा. फोन नंबरही आहे.

त्यांना न सांगता त्यांचा कप काढून घ्यायचा, हे बरोबर नाही. आणि या वयात सांगून दुखवायचं, हे तरी कुठे बरोबर?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

अण्णांना म्हटलं, मी लिहिते त्यांना. म्हणाले, "चूक माझी, अक्षर माझं." चार ओळी लिहिल्या, तक्त्याचा फोटो काढला, संपदाने दोन्ही व्हॉट्सॅपवर पाठवलं. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

उत्तर नाही. अण्णा फोन घेऊन अंघोळीला जातात.

रविवार, २३ फेब्रुवारी

सकाळी हेरेकरांचा फोन आला. अण्णांनी स्पीकरवर टाकला. म्हातारा, खणखणीत आवाज. नमस्कार वगैरे काही नाही. "तो मला दोनदा ओलांडून गेला. पहिल्यांदा गेला तेव्हा त्याची मागे पडलेली फेरी फिटली. दुसऱ्यांदा गेला तेव्हा माझी शर्यत गेली. माझ्याशिवाय कोणी मोजलंच नव्हतं. इतकी वर्षं वाट बघतोय, कोणीतरी विचारेल म्हणून. असं पळणं मी परत नाही पाहिलं. आणि मी सगळ्यात जवळून पाहिलंय हो."

अण्णांनी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"मी घाबरलो होतो."

तिकडून — "आणि मी जिंकलो होतो."