आखूड पायांचा सूड

१० फेब्रुवारी २०१८
निश्चय! चाबो या बुटक्या जपानी कोंबड्यांच्या शरद-प्रदर्शनात शेजारच्या कुसुनोसेचं नाक कापायचं. गेल्या खेपेला माझ्या कोंबड्याकडे बघून चारचौघांत म्हणाला, मास्तर, याला स्टुलावर उभं केलंय का? सगळे हसले. चाबोचं पोट जमिनीला टेकायला हवं, हे हा मला शिकवणार! जिल्ह्यातला सर्वांत आखूड पायांचा कोंबडा आणला. कोंबडीही तशीच. आता पिल्लांचे पाय भिंगातून शोधावे लागतील.

११ फेब्रुवारी
कुसुनोसे कुंपणावरून म्हणाला, दोन्ही आखूड पायांची जोडी लावू नका हो, अंडी वाया जातात, एक लांब पायांचं घ्या.
जळतोय.

१४ मार्च
काही पिल्लं अंड्यातच मेली. दृष्ट! जगलेल्यांत दोन आखूड, आणि एक पिल्लू चक्क करकोच्यासारखं लंबूटांग. कुसुनोसेचाच कोंबडा कुंपण ओलांडून आला असणार. फुमिए म्हणाली, अहो, त्या बुटक्याला उंबरा ओलांडता येत नाही! बायकोच फितूर, तर मी लढू कसा?

२ सप्टेंबर
जबरदस्त सूड सुचला. ते लंबूटांग पिल्लू आता कोंबडी झालंय; ती करकोचीण पेटीत घातली, भेटीची लाल-पांढरी दोरी बांधली आणि कोंबडीपालक संघाच्या सभेत कुसुनोसेला भेट दिली. म्हटलं, तुमच्या वंशाची आहे, सांभाळा. तो कमरेत वाकून आभार मानत राहिला. निर्लज्ज. यंदाचं प्रदर्शन सोडलं. पुढच्या वर्षी एकदम चिरडतो.

३० मार्च २०१९
पुन्हा आखूडला आखूड. पुन्हा अंड्यातच मेलेली पिल्लं. एकच पिल्लू जगलं, तेही वाकडं. तत्त्व सोडणार नाही!

३ नोव्हेंबर
प्रदर्शन. ज्येष्ठ म्हणून निकाल मीच वाचायचा होता. 'शुद्ध वंश' या विषयावर गर्जलो, टाळ्या घेतल्या, मग पाकीट फोडलं. पहिला: कुसुनोसे यांचा कोंबडा. आई: मास्तरांची भेट. माईक चालू होता. घशातून आवाज आला तो खुडूक कोंबडीचा.

४ नोव्हेंबर
सकाळी कुसुनोसे दारात. लाल-पांढरी दोरी, मोठी पेटी. म्हणाला, तुमच्या कोंबडीची माझ्या आखूड कोंबड्यापासून निम्मी पिल्लं आखूड निघाली, निम्मी लांब. एकही अंडं वाया नाही. भेटीची निम्मी परतफेड करायची रीत आहे ना, मास्तर? तेव्हा ही तुमची निम्मी.
आत सगळ्या लांब तंगड्यांच्या तलंगा, तरण्याताठ्या कोंबड्या!
म्हटलं, आत्ता परत पाठवतो. दोरी शोधून येईतो माझा बुटका कोंबडा पेटीत जाऊन बसला होता.
त्या पायांनी चढला कसा, देव जाणे. बाहेर यायला तयार नाही.