मामंजींची थंड बादली

ताडकळस, मंगळवार, डिसेंबर १९७४

तांब्याच्या बंबाच्या सांध्यावरचा कथलाचा डाग सुटला. नंतर ओतलेलं सगळं पाणी निखाऱ्यांवर. मामंजी म्हणाले, "सूनबाईनं जाळ लय घातला." मी? तांबट तर त्यांच्या तोंडावर म्हणाला, "बाई, आत पुरतं पानी न्हवतं, म्हनून डाग सुटला."

एक बादली गरम काढली की एक थंड ओतायची, हा नियम मामंजींचाच. पण लग्नापासून त्यांची थंड बादली मीच ओतत आले. आज माझे हात कणकेत होते; ते गरम काढून गेले, थंड राहिली.

शेवटी बोललेच, "मामंजी, तुमची थंड बादली राहिली होती." ते लालेलाल. सासूबाई पदराआड हसल्या. चुकलं का माझं? मुळीच नाही.

डाग लागला, बंब घरी आला. उद्या पहिली आंघोळ माझी. माझी थंड बादली मी ओतणार. त्यांची नाही.