मैदान नसलं तरी चालेल

नागपूर, ७ जुलै २०२५

ती. देवरावकाकांस,
मयुरीचा सा. न. वि. वि.

आठवी ते दहावीच्या शारीरिक शिक्षणाचा माझा नवा आराखडा मंजूर झाला. मुख्याध्यापिका शोभाताईंनी आज स्वतः सांगितलं. संघातल्या मुली खेळणार आणि बाकीच्या कडुनिंबाखाली दप्तरं सांभाळणार, हे आता बंद. खेळ प्रत्येकीला, आणि गुण तिच्या स्वतःच्या प्रगतीवर.

पण दोनदा फेटाळलेला आराखडा संस्थाचालकांनी या वेळी चहा येण्याआधीच मान्य केला. गणिताचे ऋषिकेश सर परीक्षा आली की माझे तास हक्काने घेतात. तेच सर्वांत आधी माझ्या बाजूने बोलले. आनंद व्हायला हवा, होत नाही. तुम्ही जन्मभर पीटी शिकवलीत. यात काय असेल?

काकूंचा गुडघा कसा आहे? माया असू द्या.
मयुरी

रामटेक, ११ जुलै

चि. मयुरीस अनेक आशीर्वाद.

काकू गुडघ्याले शिव्या देऊन राहिली, म्हणजे बरी आहे.

तो गणिताचा मास्तर काहून बोलते वं तुह्या बाजूनं? मले पटून नाही राहिलं. आणि संस्थावाल्यांचा डोळा ग्राउंडच्या जागेवर असते; होकार मिळवायसाठी तू ग्राउंडबद्दल काय लिहून बसली? लहानपणी पतंगासाठी मांजा देऊन टाकणारी पोरगी तू! शाळा सुटल्यावर ग्राउंडवर कोण येते, ते पाहून ये.

जपून राह्य.
काका

नागपूर, १६ जुलै

ती. काकांस,
सा. न.

मांजा खरंच देऊन बसले. ‘मैदान नसलं तरी हे व्यायाम व्हरांड्यात घेता येतील’ असं मीच लिहिलं होतं. काल शाळा सुटल्यावर दोन माणसं टेप लावून मैदान मोजत होती. तिथे शिकवणीवर्गांची इमारत होणार, असं त्यांनीच सांगितलं.

ऋषिकेश सरांवर मात्र आपला संशय चुकला. मी तोंडावरच विचारलं. त्यांची वैदेही आमच्याकडेच नववीत आहे. तिला आजवर एकदाही कोणी संघात घेतलं नाही, हे सांगताना ते खाली बघत होते. आता पालकांना तेच गोळा करताहेत.

माझं ते वाक्य काढून ‘रोज मैदानावरच’ असं घालावं, हा विषय संस्थाचालकांच्या शनिवारच्या सभेत येईल. शोभाताईंनी तो घेतला, पण त्या कोणाच्या बाजूने आहेत हे सांगत नाहीत. सभेच्या वेळी तिन्ही इयत्तांच्या मुली कार्यालयाच्या खिडकीसमोर खेळत असतील. मतं त्यांच्या देखत पडतील.

आशीर्वाद असू द्या, या वेळी जरा जास्त.
मयुरी