अंगठा माझ्याजवळच

चि. दत्तूशेट, मुक्काम मस्कत,

शेट म्हटलं म्हणून फुगू नकोस. दुकानाच्या पाटीखाली सुटाबुटातला तुझा फोटो मी अख्ख्या राजपुऱ्यात दाखवला होता. मग तुझ्या दुकानात कापड मोजणारा धूलकोटचा भगवान सुट्टीवर आला. म्हणाला, "आजी, दुकानाचा परवाना तिथल्या एका माणसाच्या नावावर आहे. दत्तूभाऊंचा पासपोर्टही त्याच्याच कपाटात. तो हो म्हणेल तेव्हाच घरी यायचं."

तेव्हा कळलं, बापाच्या तेराव्यालाही न येता तू 'सीझन आहे' का म्हणालास ते. वा रे मालक! आपल्या आठ पावरलूमचा खडखडाट तुला सोसवत नव्हता. पण त्या खडखडाटात तुझा बाप कोणाला विचारून घरी येत नव्हता.

आता कारखाना विकायच्या कागदावर माझा अंगठा मागतोस. कशाला, त्या माणसाला दुसरं दुकान थाटून द्यायला? लूम विकणार नाही. पासपोर्ट सोडवून घरी ये, सुताची गाठ मारायला मीच शिकवीन.

तुझी पुतणी कोमल हे लिहितेय. म्हणते, "आजी, दरवेळसारखा खाली अंगठा लाव ना, काकाला ओळख पटेल." नको बाई! माझा अंगठा त्याच्या हाती लागला, तर कोणत्या कागदावर उमटेल, काय भरोसा? आणि अंगठ्याशिवाय पत्र माझं कसलं?

कोमल, हे पत्र धाडूच नकोस, ठेव त्याच्या विक्रीच्या कागदाखाली. दोन्हींवरही अंगठा नाही, पडू देत सोबतीनं.

तुझी अडाणी आई,
पार्वती