पोंगलच्या कार्डातला मिरासदार

मेलवीथी, तंजावूर
१९ जानेवारी १९९७

चि. सुप्रभास,

अक्काचे आशीर्वाद. नामदेवरावांना नमस्कार सांग.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र बाजूला ठेवलं असशील आणि हातातलं काम उरकून मग उघडलं असशील. माझं काही म्हणणं नाही. अडीच वर्षांत मी लिहिलं नाही, तूही लिहिलं नाहीस.

इकडे सगळं ठीक आहे. ह्यांचा गुडघा दुखतो, पण सकाळी देवळापर्यंत चालून येतात. माझ्या हिंदीच्या शिकवण्या चालू आहेत. यंदा प्रवेशिकेच्या परीक्षेला सतरा मुलं बसवली आहेत. त्यातल्या निम्म्यांना अजून ‘ने’ कुठे लावायचा ते कळत नाही.

पाकिटात एक कार्ड ठेवलं आहे, ते बघ. पोंगलला इथे सगळे एकमेकांना कार्डं पाठवतात हे तू विसरली नसशील. हे आमच्या व्याह्यांचं, बाळकृष्णरावांचं. दोन हजार छापून घेतली. कलेक्टरपासून त्यांच्या बसच्या कंडक्टरांपर्यंत सगळ्यांना गेली. कार्डाबद्दल इथल्या पेपरातही आलं.

तू तिकडे असल्यामुळे तुला त्यातली गंमत कळायची नाही, म्हणून सांगते. रविवारी संध्याकाळी सहा वाजता केबलवर एक तमिळ मालिका लागते. त्यात एक मिरासदार, म्हणजे गावचा बडा जमीनदार आहे. झोपाळ्यावर बसून गावाला गोड बोलून बुडवतो. आवाज कधी चढवत नाही. त्याला खलनायक म्हणावं, तर लोक त्याच्यावरच जीव टाकतात. नायकाचं नाव कुणाच्या लक्षात नाही. न्हाव्यांकडे तसल्या मिशा कोरून मिळतात. तर बाळकृष्णराव तो मिरासदार झाले आहेत. चिकटवलेल्या मिशा, नेसायला जरीकाठाची वेष्टी, मांडीवर वेताची काठी. विहीणबाई अंगभर दागिने घालून शेजारी. मागे लुंगी नेसून, काठ्या घेऊन उभे आहेत ते गुंड म्हणजे त्यांचा थोरला मुलगा आणि आपला जावई प्रणवेश. थोरली सून पंखा धरून आहे. खाली छापलंय ते त्या मिरासदाराचं नेहमीचं वाक्य: ‘आमच्या घरात यायची वाट आहे, जायची नाही. पोंगलच्या गोड शुभेच्छा!’

ह्यांनी आमचं कार्ड शोकेसमध्ये लावलंय. येणारा प्रत्येकजण बघून हसतो. ते लोक दिलदार आहेत, हे मी तेव्हाही म्हणत होते.

आपली भुवना फोटोत नाही. विहीणबाईंना फोनवर विचारलं तेव्हा म्हणाल्या, फोटो तिनेच काढला. असेल. तिच्या हातात मी कधी कॅमेरा पाहिला नव्हता, पण लग्नानंतर माणूस कायकाय शिकतं.

भुवना मजेत आहे. सणाला आली नाही. त्यांच्याकडे पाहुणे फार असतात.

ती पुण्याला तुझ्याकडे असताना ज्या कॉम्प्युटरच्या कंपनीत जात होती, ती अजून चालू आहे का? सहज विचारलं.

तुझी,
चंद्रमती अक्का


मेलवीथी, तंजावूर
५ फेब्रुवारी १९९७

चि. सुप्रभास, आशीर्वाद.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ख्यालीखुशाली नाही, नमस्कार नाही, एकच ओळ: ‘फोटो कोणी काढला ते मला नको, भुवना कुठे आहे ते कळव.’ मी ते दोनदा वाचलं आणि ह्यांना न दाखवता पर्समध्ये ठेवलं.

कार्डाच्या मागे स्टुडिओचं नाव बारीक अक्षरात छापलेलं आहे. शनिवारी मी तिथे गेले. मालक सुब्रह्मण्य म्हणून आहेत. त्यांची मुलगी माझ्याकडे शिकली होती, त्यामुळे त्यांनी बसायला खुर्ची दिली. मी विचारलं, “हा फोटो घरातल्या कुणी काढलाय का?” त्यांना वाईटच वाटलं. म्हणाले, “टीचर, तीन तास लागले मला. दिवे घेऊन गेलो होतो त्यांच्या घरी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.”

“माझी मुलगी तेव्हा घरी होती?”

त्यांनी दार लोटून घेतलं. मग सांगितलं.

त्या मालिकेत एका शाळामास्तराची मुलगी आहे. मिरासदार तिला सून करून आणतो आणि रोज पाय चेपायला लावतो. तर कुणीतरी म्हणालं, मास्तरणीची मुलगी घरात आहेच. सगळे हसले. भुवनाला झोपाळ्यापाशी खाली बसायला सांगितलं. ती उभीच राहिली. बाळकृष्णराव मिशांवर हात फिरवत म्हणाले, “अगं, नाटक आहे हे.”

भुवना म्हणाली, “मामंजी, नाटक असतं तर मी बसले असते.”

 मग सगळ्यांत मोठ्याने बाळकृष्णरावच हसले आणि म्हणाले, “राहू दे तिला, काढा फोटो.” सुब्रह्मण्यांनी काढला. पुढचं त्यांना माहीत नव्हतं. मी उठले तेव्हा ते एवढंच म्हणाले, “टीचर, माझं नाव कुठे नको.”

घरी येऊन प्रणवेशला फोन केला. तो म्हणाला, “ती ओरत्तनाडूला आहे. आमच्या गिरणीच्या मागे घर आहे ना, तिथे. हवापालट.” कधीपासून, विचारलं. “थोडे दिवस झाले.” मग फोन ठेवला.

रविवारी गेले. ओरत्तनाडूला जायला मिळाली ती बसही त्यांचीच. कंडक्टरने मला ओळखलं, तिकीट घेऊ देईना. मी घेतलं. गिरणीच्या फाटकावरचा माणूस म्हणाला, विचारावं लागेल. मी म्हटलं, विचार. त्याला आत जाऊन फोन लागेपर्यंत मी फाटकातून पुढे गेले होते.

घर स्वच्छ आहे. स्वयंपाकाला बाई आहे, टीव्ही आहे, बागेत कण्हेर आहे. भुवनाची तब्येत चांगली दिसली. तिला कुणी मारलेलं नाही, कुणी उपाशी ठेवलेलं नाही, हे तुला आधी सांगते. आठ आठवडे झाले, ती तिथेच आहे. बाहेर जायचं म्हटलं की फाटकावरचा माणूस विचारून येतो आणि उत्तर येतं, उद्या गाडी पाठवतो.

मला बघून ती उठली नाही. म्हणाली, “आलीस?”

मी म्हटलं, “मला माहीत नव्हतं ग.”

ती म्हणाली, “ऑगस्टमध्ये मी पत्र लिहिलं होतं.”

त्या पत्राबद्दल मी तुला लिहिलेलं नाही. आज लिहिणार होते, पण शिकवणीची मुलं आली आहेत. तिला सोबत आणता आलं नाही. तोवर बाळकृष्णरावांच्या घरची गाडी आली होती आणि मला ‘सोडायला’ म्हणून त्यात बसवलं गेलं. मी बसले.

दोन दिवसांत त्यांच्या घरी जाणार आहे.

चंद्रमती


मेलवीथी, तंजावूर
२० फेब्रुवारी १९९७

चि. सुप्रभास,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. भुवना घेऊन येते आहे. ती उद्या इथून निघेल, मद्रासला गाडी बदलेल. तू तिच्यासाठी त्या कॉम्प्युटरच्या कंपनीत शब्द टाकलास हे कळलं. मी आभार मानले तर तू चिडशील, म्हणून मानत नाही.

काय झालं ते क्रमाने सांगते.

सात तारखेला, शुक्रवारी सकाळी बाळकृष्णरावांकडे गेले. दिवाणखान्यात देवळाच्या कमिटीची माणसं बसली होती. भिंतीवर ते कार्ड मोठं करून, फ्रेम करून लावलेलं आहे. बाळकृष्णराव झोपाळ्यावर होते. मला बघून उठले. मान द्यायला ते कधी चुकत नाहीत.

“या टीचर, कॉफी घ्या.”

मी म्हटलं, “भुवनाला न्यायला आले आहे.”

“न्या की! मुलीने माहेरी जायलाच हवं. पुढच्या महिन्यात गाडी पाठवतो.”

“आज. ओरत्तनाडूहून.”

ते हसले. प्रणवेशला म्हणाले, “ते कार्ड आण रे.” मला वाटलं पोंगलचं. पण प्रणवेशने कपाटातून आणलं ते माझं पोस्टकार्ड होतं, ऑगस्टमध्ये मी भुवनाला घातलेलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. वाचताना मिरासदारासारखे थांबत होते. कमिटीच्या लोकांना वाटलं नक्कल चालली आहे, ते हसायला लागले. मजकूर असा होता: ‘मोठी माणसं आहेत, त्यांच्या सावलीत राहा. तक्रारीची सवय चांगली नाही. मामंजी सांगतील तसं वाग.’

“हे तुमचंच ना, टीचर?”

“माझंच,” मी म्हटलं. आतापर्यंत आम्ही मराठीत बोलत होतो. आता मी तमिळमध्ये बोलले, कमिटीच्या लोकांकडे बघून. “हे मी लिहिलं, ते चुकीचं होतं. एका फोटोसाठी पाय चेपायला बसली नाही म्हणून ह्यांच्या सुनेला दोन महिने गिरणीमागच्या घरात ठेवलंय. मी आता बसने तिथे जाते आहे. तुमच्यापैकी कुणीतरी चला आणि फाटक उघडतं का ते बघा.”

कुणी उठलं नाही. एकाने कॉफीचा टंबलर खाली ठेवला, एवढंच. पण हसणं थांबलं.

बाळकृष्णराव म्हणाले, “टीचर, मस्करी होती हो ती.” त्यांना खरंच कळत नव्हतं, सुप्रभा. मी त्यांच्यावर अन्याय करणार नाही. त्यांच्या लेखी फोटो मस्करी होता, ओरत्तनाडू मस्करी होतं, भुवना कधीतरी हसून खाली बसेल आणि सगळं संपेल, असं ते धरून चालले होते.

तेव्हा प्रणवेशने गाडीच्या किल्ल्या घेतल्या. वडील म्हणाले, “बस.” तो उभा राहिला. पुन्हा म्हणाले, “प्रणवेश, बस.” तो मला म्हणाला, “चला, आई.” लग्न झाल्यापासून त्याने माझ्याशी बोललेलं सगळ्यांत सरळ वाक्य मला हेच आठवतं.

ओरत्तनाडूला त्यानेच गाडी नेली. फाटकापाशी हॉर्न दाबून धरला. भुवनाने एक बॅग भरली. परतताना वाटेत त्याने पुढे बघतच विचारलं, “तू परत येशील ना?”

भुवना म्हणाली, “त्या फोटोत तुम्ही काठी धरून उभे होता.”

तो आम्हाला दारात सोडून गेला. चार दिवसांनी तिची सर्टिफिकेटं एका पाकिटात घालून स्वतः आणून दिली, आत आला नाही. पुढे काय होईल मला माहीत नाही. सोडचिठ्ठीची भाषा अजून कुणी केलेली नाही. ह्यांनी शोकेसमधलं कार्ड काढलं आणि तिचं तिकीट काढायला रांगेत स्वतः उभे राहिले. आमच्यात त्यावर बोलणं झालेलं नाही. गावात म्हणतात, मास्तरणीने भरल्या घरात तमाशा केला. दोन मुलांनी शिकवणी सोडली.

आता ते ऑगस्टचं पत्र.

भुवनाने ते देवनागरीत लिहिलं होतं. इथल्या जुन्या मराठी घरांसारखे त्या घरातही सगळे मराठी बोलतात, पण देवनागरी अक्षर कुणाला वाचता येत नाही. येणारीजाणारी पत्रं तिथे उघडली जातात, म्हणून तिने मी शिकवलेल्या अक्षरांत लिहिलं. दोन पानं होती. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: ‘आई, इथे मला कुणी रागावत नाही. मला कुठे जायचं असलं की सगळे हसतात.’ शेवटी लिहिलं होतं, मला न्यायला ये.

मी उत्तर तमिळमध्ये लिहिलं. उघड्या पोस्टकार्डावर. ते आधी विहीणबाईंनी वाचलं, मग सगळ्यांनी. पोरीने आईकडे गाऱ्हाणं घातलंय हे त्यांना माझ्या कार्डावरून कळलं. आणि तिच्या मागे कुणी नाही, हेही.

ओरत्तनाडूला तिने मला विचारलं, “तमिळमध्ये का लिहिलंस?”

मी म्हटलं, “सवयीने.”

ती ‘बरं’ म्हणाली.

सुप्रभा, मी रोज चार तास देवनागरी शिकवते. तमिळ लिहायची सवय मला नाही. कार्ड त्यांनी वाचावं म्हणूनच मी तमिळमध्ये लिहिलं. मुलीची आई आपल्या बाजूची आहे, समजूतदार आहे, हे त्यांना दिसावं असं मला वाटत होतं. एवढ्या मोठ्या घरात आपली मुलगी पडली, ते नातं बिघडू नये. तू लग्नाला आली नाहीस, तुझंच खरं ठरू नये, हेही त्यात होतं. पोस्टात टाकताना मला हे सगळं माहीत होतं.

गेले तेरा दिवस ती इथे माझ्यासमोर जेवते, मला वाढते, उन्हात केस वाळवते. मी रोज सांगायचं ठरवते आणि रोज तिला विचारते, अजून भात घेतेस का.

तिला तिकडे माझ्याबद्दल चांगलं बोलायला लावू नकोस. तिला तिचा पगार तिच्या हातात राहू दे आणि खोलीची किल्लीही. दूध तिला आवडत नाही, पण ती सांगत नाही.

हे पत्र चिकटवलेलं आहे. ती वाटेत उघडणार नाही, तेवढी मला खात्री आहे. तू वाचून झालं की तिच्या हातात दे. वाचून दाखवू नकोस, तिची तिला वाचू दे. तिने वाचलं, एवढं मला कळव. ती काय म्हणाली, ते कळवू नकोस.

तुझी बहीण, आणि अजून तरी तिची आई,
चंद्रमती